पीजी वॉलइन्स्पेक्ट : चालू सर्व्हरचा वॉल वाचायला कितपत कामाचं?

पोस्टग्रेस डेटाबेस प्रत्येक बदल आधी ज्या लॉगमध्ये लिहितो त्या वॉलची (राइट-अहेड लॉग) डिरेक्टरी अचानक फुगते, रेप्लिका (सर्व्हरची मागोमाग चालणारी प्रत) मागे पडायला लागते, आर्काइव्हची जागा संपत येते. अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो: एवढं लिहितंय कोण? पोस्टग्रेसमध्ये याचं उत्तर काढायचं जुनं हत्यार म्हणजे पीजी_वॉलडम्प. २०१३ मधल्या ९.३ आवृत्तीत ते पीजी_एक्सलॉगडम्प या नावाने आलं आणि २०१७ मधल्या १० व्या आवृत्तीत त्याला आजचं नाव मिळालं. ते कमांड लाइनवर चालतं. त्यामुळे सर्व्हरवर शेल लागतो, फाइली वाचायची परवानगी लागते आणि समोर ओतला जाणारा मजकूर ग्रेप आणि ऑक ही मजकूर गाळणारी साधनं लावून निवडत बसावं लागतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीने तेच काम एसक्यूएलमधून करणारं पीजी_वॉलइन्स्पेक्ट हे एक्स्टेन्शन दिलं. हे परीक्षण त्याचं आहे. १५ वरून १६ मध्ये येताना त्याचं रूप बरंच बदललं, म्हणून दोन्ही आवृत्त्या लक्षात घेतल्या आहेत.

निकाल आधीच सांगतो. सर्व्हर चालू असेल आणि आवृत्ती १६ किंवा त्यापुढची असेल, तर वॉल तपासायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. १५ वर असाल तर वापरा, पण हद्द अगदी छोटी ठेवून. सर्व्हर पडलेला असेल तर याचा काहीच उपयोग नाही, सरळ पीजी_वॉलडम्पकडे जा.

हद्द म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा एलएसएन (वॉलमधल्या जागेचा पत्ता). या साधनाचं बहुतेक सगळं बरं-वाईट तिथेच ठरतं.

बसवणं सोपं आहे. पोस्टग्रेसचं कॉन्ट्रिब पॅकेज मशीनवर असलं की सुपरयुझरने ‘क्रिएट एक्स्टेन्शन पीजी_वॉलइन्स्पेक्ट’ एवढंच म्हणायचं. शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजला हात लावावा लागत नाही, सर्व्हर रीस्टार्टही करावा लागत नाही. रेप्लिकावर वापरायचं असेल तर एक्स्टेन्शन प्रायमरीवरच (मूळ सर्व्हरवर) तयार करावं लागतं, कारण रेप्लिका फक्त वाचनासाठी असते. कॅटलॉगमधली नोंद तिच्याकडे आपोआप पोचते, पण लायब्ररीची फाइल मात्र रेप्लिकाच्या मशीनवर वेगळी बसवलेली असावी लागते. हे विसरलं की फंक्शन दिसतं आणि बोलावल्यावर एरर देतं.

फंक्शन्स मुळात सुपरयुझर आणि पीजी_रीड_सर्व्हर_फाइल्स या रोलपुरतीच खुली असतात, आणि ते योग्यच आहे. वॉलमध्ये टेबलांचा खरा डेटा असतो. एखाद्याला फक्त आकडेवारी पाहायची असेल तर पीजी_गेट_वॉल_स्टॅट्सवर एक्झिक्यूटची परवानगी द्या. ब्लॉकचा डेटा दाखवणारं फंक्शन सरसकट वाटू नका, नाहीतर ज्या टेबलवर त्याला सिलेक्टही करता येत नाही त्यातले बाइट्स तो वाचू शकेल.

आता हद्दीकडे. सर्वात स्वच्छ पद्धत अशी: पीएसक्यूएल या कमांड लाइन क्लायंटमध्ये पीजी_करंट_वॉल_फ्लश_एलएसएन घ्या आणि बॅकस्लॅश जीसेट करून व्हेरिएबलमध्ये ठेवा. जे काम तपासायचं ते चालवा, मग तोच एलएसएन दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये घ्या. हे दोन एलएसएन म्हणजे तुमची हद्द. इथे फ्लश_एलएसएनच का? हे एक्स्टेन्शन प्रायमरीवर फ्लश झालेल्या, म्हणजे डिस्कवर पक्क्या लिहिलेल्या जागेपर्यंतच वाचतं. इन्सर्ट_एलएसएन, म्हणजे मेमरीतल्या वॉलचं टोक, त्याच्या पुढे असू शकतो, आणि १५ मध्ये शेवटचा एलएसएन पुढचा दिला तर थेट ‘भविष्यातला एलएसएन चालणार नाही’ अशा अर्थाची एरर येते. सिंक्रोनस_कमिट बंद असेल तर आणखी एक गोम आहे. कमिट झालं म्हणून उत्तर येतं, पण त्याची वॉल नोंद डिस्कवर जायला वॉल_रायटर_डिलेच्या तिप्पटपर्यंत वेळ लागू शकतो. मूळ सेटिंग २०० मिलिसेकंद आहे, म्हणजे ६०० मिलिसेकंद. लगेच मोजणी घेतली तर शेवटची नोंद गायब दिसते आणि साधनच चुकतंय असं वाटतं. सेकंदभर थांबून शेवटचा एलएसएन घ्या. रेप्लिकावर हीच हद्द रीप्ले झालेल्या जागेपर्यंत असते. तिथे करंट_वॉलची फंक्शन्स चालतच नाहीत, पीजी_लास्ट_वॉल_रीप्ले_एलएसएन वापरायचं.

नोंदीच्या मधलाच एलएसएन दिला तर साधन अडत नाही, पुढच्या वैध नोंदीपासून सुरुवात करतं. म्हणून सेगमेंटच्या (वॉलच्या एका फाइलीच्या) अगदी सुरुवातीचा पत्ता, म्हणजे शेवटी नुसती शून्यं असलेला, बिनदिक्कत देता येतो. सेगमेंटच्या पहिल्या पानाला ४० बाइटांचं हेडर असतं, त्यामुळे मागच्या सेगमेंटमधली नोंद पुढे वाहत आली नसेल तर पहिली नोंद हेक्स २८ वर सापडते. बाकीच्या पानांचं हेडर २४ बाइटांचं. याच हेडरांमुळे एका नोंदीचा एंड_एलएसएन आणि पुढच्या नोंदीचा स्टार्ट_एलएसएन पानाच्या कडेला जुळत नाहीत. साखळी तपासायची असेल तर हे दोन ताडून ‘नोंदी हरवल्या’ असा निष्कर्ष काढू नका. पुढच्या नोंदीचा प्रीव्ह_एलएसएन मागच्या नोंदीच्या स्टार्ट_एलएसएनशी जुळतो का ते पाहा. दुसऱ्या टोकाचा नियमही ध्यानात ठेवायचा आहे: जी नोंद दिलेल्या शेवटाच्या आधी सुरू होऊन नंतर संपते ती उत्तरात येत नाही.

१५ मधली सर्वात खटकणारी गोष्ट याच हद्दीशी बांधलेली होती. नोंदींसाठी दोन फंक्शन्स आणि आकडेवारीसाठी दोन: एक शेवट मागणारं, दुसरं ‘टिल_एंड_ऑफ_वॉल’ शेपूट लावलेलं. एकच काम दोन नावांनी. १६ मध्ये, म्हणजे एक्स्टेन्शनच्या १.१ आवृत्तीत, शेपटीवाली फंक्शन्स काढून टाकली. आता शेवटचा एलएसएन कितीही पुढचा दिला तरी साधन जिथे वॉल संपतो तिथे थांबतं. ‘शेवटपर्यंत’ म्हणायचं असेल तर आठ एफ, तिरपी रेघ आणि पुन्हा आठ एफ असा सर्वात मोठा एलएसएन द्यायचा. कोड रिव्ह्यूमध्ये ‘हे वेगळं फंक्शन कशाला? शेवटच्या पॅरामीटरचा नियम सैल केला तर भागत नाही का?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि इथे त्याचं उत्तर फंक्शन कमी करून दिलेलं आहे. वापरणाऱ्याच्या बाजूने हा सरळ फायदा आहे. जुन्या स्क्रिप्टना मात्र फटका बसतो. पीजी_अपग्रेडने १६ वर गेल्यावर एक्स्टेन्शन १.० वरच राहतं आणि जुनी फंक्शन्स चालत राहतात. ‘ऑल्टर एक्स्टेन्शन … अपडेट’ केलं की ती जातात. त्यांच्यावर उभा असलेला व्ह्यू असेल तर अपडेट अडकतं, म्हणून आधी व्ह्यू बदलून घ्या.

दुसरी गोष्ट मेमरीची. १५ च्या सुरुवातीच्या कोडमध्ये प्रत्येक नोंदीसाठी घेतलेली मेमरी संपूर्ण फंक्शन आटपेपर्यंत सुटत नव्हती. शंभर नोंदींना फरक पडत नाही, पण काही जीबीच्या हद्दीवर बॅकएंड प्रोसेस फुगत जायची. दुरुस्ती अगदी शास्त्रशुद्ध झाली: नोंदीगणिक एक तात्पुरता मेमरी कॉन्टेक्स्ट, आणि नोंद संपली की तो रिकामा करायचा. ही दुरुस्ती १५ च्या शाखेतही मागे नेली गेली. म्हणून १५ वापरत असाल तर त्या शाखेची सर्वात ताजी किरकोळ आवृत्तीच बसवा.

मेमरीचा प्रश्न सुटला तरी एक मर्यादा आजही आहे, आणि एसक्यूएलची सवय असलेला माणूस इथेच फसतो. ही फंक्शन्स सगळं उत्तर आधी टपलस्टोअरमध्ये (ओळींच्या तात्पुरत्या साठ्यात) साठवतात आणि मगच पुढे देतात. त्यामुळे ‘लिमिट १०’ लावून खर्च कमी होत नाही. हद्दीत वीस लाख नोंदी असतील तर त्या सगळ्या वाचल्या जातात, वर्क_मेम या मेमरीच्या मर्यादेपेक्षा जास्त झालं की तात्पुरत्या फाइलीत जातात, आणि मग त्यातल्या दहा तुम्हाला दिसतात. ‘व्हेअर’चंही तेच, गाळणी नंतर लागते. खर्च कमी करायचा एकच उपाय म्हणजे एलएसएनची हद्द आखडणं. मूळ सेगमेंट १६ एमबीचा असतो. एका वेळी एक-दोन सेगमेंट घ्या, पुरेसे असतात.

तपासाची सुरुवात मी पीजी_गेट_वॉल_स्टॅट्सपासून करायला सांगेन. दोन एलएसएन द्या, तिसरं पॅरामीटर ट्रू ठेवा, म्हणजे रिसोर्स मॅनेजरच्या (नोंदी लिहिणारा पोस्टग्रेसचा भाग: हीप, बी-ट्री वगैरे) जोडीला नोंदीचा प्रकारही वेगळा मोजला जातो. काउंट शून्यापेक्षा मोठा अशी अट घाला, नाहीतर रिकाम्या ओळींची रांग लागते. कंबाइन्ड_साइजने उतरत्या क्रमाने लावा. पहिल्या कॉलमच्या नावातच तिरपी रेघ आहे, त्यामुळे ते नाव दुहेरी अवतरणात लिहावं लागतं. नाव निवडताना हे टाळायला हवं होतं. रोज वापरताना बोटांना खुपतं.

या तक्त्यात आधी पाहायचा कॉलम म्हणजे एफपीआय_साइज, फुल पेज इमेजचा आकार. एकच नोंद जवळून पाहा. चेकपॉइंट (बदललेली पानं डिस्कवर उतरवण्याचा टप्पा) होऊन गेल्यावर एखाद्या टेबलमधली एक ओळ बदलली, तर त्या पानाला हात लागायची ही पहिलीच वेळ. म्हणून ८ केबीचं पान, मधली रिकामी जागा वगळून, नोंदीबरोबर वॉलमध्ये जातं आणि नोंदीची लांबी हजारो बाइट भरते. त्याच पानावरची दुसरी ओळ लगेच बदला, आता इमेज जात नाही आणि लहान ओळीची नोंद शंभर बाइटांच्या आसपास राहते. काम एकच, लांबीत कित्येक पटींचा फरक. वॉल फुगल्याच्या तक्रारीत एफपीआयचा वाटा मोठा दिसला तर क्वेरी सुधारायच्या आधी चेकपॉइंट किती वेळाने होतात ते पाहा. चेकपॉइंट_टाइमआउट ५ मिनिटं आणि मॅक्स_वॉल_साइज १ जीबी या मूळ सेटिंग भरपूर लिहिणाऱ्या डेटाबेसला तोकड्या पडतात. वेळ वाढवला की इमेज कमी होतात, पण क्रॅशनंतरची रिकव्हरी लांबते, हे ठरवून स्वीकारायचं. वॉल_कम्प्रेशन मूळात बंद असतं. १५ पासून त्यात एलझेड४ आणि झेडस्टँडर्ड हे पर्यायही आले. फुल_पेज_राइट्स बंद करणं हा उपाय नाही. अर्धवट लिहिलं गेलेलं पान मग सावरता येत नाही.

याच तक्त्यात एफपीआय_फॉर_हिंट ही नोंद मोठ्या संख्येने दिसली तर गोंधळू नका. चेकसम (पान बिघडलं का हे ओळखणारी बेरीज) चालू असताना किंवा वॉल_लॉग_हिंट्स लावलेलं असताना नुसतं सिलेक्टसुद्धा हिंट बिट (ओळीवरची ‘कमिट झालं’ अशी खूण) बदलतं आणि पानाची इमेज लिहायला लावतं. १८ पासून नव्या क्लस्टरमध्ये (एका सर्व्हरचे सगळे डेटाबेस मिळून) चेकसम मुळातच चालू असतात, तेव्हा ही ओळ आता जास्त जणांना भेटणार.

कोणता प्रकार वाढलाय हे कळलं, आता कोणतं टेबल? यासाठी १६ मध्ये आलेलं पीजी_गेट_वॉल_ब्लॉक_इन्फो हे या एक्स्टेन्शनमधलं सर्वात मोलाचं फंक्शन आहे. विकासाच्या वाटेवर आधी फक्त फुल पेज इमेज देणारं फंक्शन होतं. पुढे ते प्रत्येक ब्लॉक रेफरन्समागे (नोंदीने हात लावलेल्या पानामागे) एक ओळ देणारं झालं आणि नावही बदललं. नोंदीची माहिती त्याच ओळीत मिळत असल्याने दुसऱ्या फंक्शनशी जॉइन करावा लागत नाही. १५ मध्ये हीच माहिती ब्लॉक_रेफ नावाच्या मजकुरात कोंबलेली असायची आणि रेगेक्सने, म्हणजे मजकुरातले नमुने शोधून, उपसून काढावी लागायची.

आकडेच हवे असतील तर शो_डेटा फॉल्स ठेवा, नाहीतर प्रत्येक इमेज उलगडून बाइट्समध्ये आणण्याचं ओझं फुकट पडतं. रेलफाइलनोडनुसार (टेबल किंवा इंडेक्सच्या डिस्कवरच्या फाइलीचा क्रमांक) गट करा, ब्लॉक_डेटा_लेंग्थ आणि ब्लॉक_एफपीआय_लेंग्थ यांची बेरीज घ्या. रेकॉर्ड_लेंग्थची बेरीज घेऊ नका. एका नोंदीत दोन-तीन ब्लॉक असले की तीच लांबी प्रत्येक ओळीत पुन्हा येते. बी-ट्रीचं पान फुटताना किंवा अपडेट दुसऱ्या पानावर जाताना हे हमखास होतं, आणि एकूण आकडा खऱ्या वॉलपेक्षा मोठा निघतो. कमिटसारख्या ब्लॉक नसलेल्या नोंदी इथे येतच नाहीत, त्या पीजी_गेट_वॉल_रेकॉर्ड्स_इन्फोमध्ये शोधा.

रेलफाइलनोडवरून नाव काढायला पीजी_फाइलनोड_रिलेशन आहे, टेबलस्पेसचा ओआयडी (अंतर्गत क्रमांक) आणि फाइलनोड द्यायचा. पण वॉल संपूर्ण क्लस्टरचा एकच असतो आणि नावं फक्त चालू डेटाबेसची मिळतात. म्हणून रेलडेटाबेसची अट आधी लावा. शून्य रेलडेटाबेस म्हणजे सामायिक कॅटलॉग. मधल्या काळात ट्रंकेट, व्हॅक्यूम फुल, क्लस्टर किंवा रीइंडेक्स यांपैकी एखादी कमांड चालली असेल तर जुना फाइलनोड कुणाचाच उरलेला नसतो आणि उत्तर नल येतं. तपास ताजा असतानाच करायचा तो याचसाठी. बऱ्याचदा यादीत सर्वात वर टेबल नसून त्याचा इंडेक्स निघतो. यादृच्छिक यूयूआयडीवरचा इंडेक्स असेल तर प्रत्येक इन्सर्ट वेगळ्याच पानावर पडतं आणि जवळजवळ प्रत्येक पान चेकपॉइंटनंतर नव्याने इमेज मागतं.

शो_डेटा ट्रू ठेवल्यावर मिळणारं पान पूर्ण ८१९२ बाइटांचं आणि कम्प्रेशन सोडवलेलं असतं. ते थेट पेजइन्स्पेक्ट या पानाची रचना दाखवणाऱ्या एक्स्टेन्शनच्या हीप_पेज_आयटम्सला देता येतं. एखाद्या ओळीचा टपल (पानावरची प्रत) त्या क्षणी कसा होता, एक्समॅक्स (ती प्रत काढणाऱ्या किंवा लॉक करणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक) काय होता, हे सगळं समोर येतं. बिघडलेल्या पानाचा माग काढताना याची किंमत कळते. एक खूण मात्र सांभाळा: इमेजमध्ये या नोंदीचा बदल झालेला असतो, पण पानाच्या हेडरमधला एलएसएन आधीचा असतो. दोन्ही एकाच क्षणाचे धरले तर क्रम उलटा लागतो. ब्लॉक_एफपीआय_इन्फोमध्ये अप्लाय हा शब्द नसेल तर ती इमेज फक्त सुसंगतता तपासणीसाठी लिहिलेली आहे, रिकव्हरीत लावली जात नाही.

ट्रान्झॅक्शनचा माग काढताना एक्सआयडीवर (ट्रान्झॅक्शनच्या क्रमांकावर) गाळणी लावणाऱ्यांनी सेव्हपॉइंट विसरू नयेत, कारण त्यांनी आत सबट्रान्झॅक्शन सुरू होतं. सबट्रान्झॅक्शनमधल्या नोंदीवर त्या सबट्रान्झॅक्शनचाच एक्सआयडी असतो. वरचा एक्सआयडी शोधला तर त्या सुटतात. कमिट नोंदीच्या वर्णनात सबट्रान्झॅक्शनची यादी असते, तिथून सगळे क्रमांक घ्या. आणि वॉलमध्ये दिसलं म्हणजे कमिट झालं असं नाही, अबॉर्ट झालेलं कामही तिथे असतंच.

डिस्क्रिप्शन कॉलमच्या मजकुरावर स्क्रिप्ट उभी करू नका, हे ठासून सांगावंसं वाटतं. १६ मध्ये वर्णनांची मांडणी एकसारखी केली गेली. हीप इन्सर्टमध्ये ‘ऑफ’नंतर अपूर्णविराम (:) आणि स्वल्पविराम आले, जुने रेगेक्स गप्प पडले. एररही आली नाही, नुसती शून्य उत्तरं. १७ मध्ये तर हीप२ या रिसोर्स मॅनेजरखालच्या प्रूनचे (पानावरच्या मृत ओळी काढण्याच्या नोंदीचे) तीन वेगळे प्रकार झाले. प्रकारांची नावं आवृत्तीगणिक बदलतात असं गृहीत धरूनच लिहा.

ऑडिटसाठी हे साधन नाही. अपडेटच्या नोंदीत सहसा जुनं मूल्य नसतं, आणि एकाच पानावरच्या अपडेटमध्ये नव्या ओळीचाही समान भाग गाळलेला असू शकतो. ‘काय बदललं’ हवं असेल तर लॉजिकल डिकोडिंग (वॉलमधून ओळींचे बदल वाचायची सोय) लावा.

पीजी_वॉलडम्पची जागा कुठे राहते? सर्व्हर उभा राहत नसताना, आर्काइव्हमधून काढलेल्या सेगमेंटवर, आणि जुन्या टाइमलाइनवर (रेप्लिका प्रायमरी झाली की वॉलला फुटणारी नवी शाखा म्हणजे टाइमलाइन). वॉलइन्स्पेक्ट फक्त सर्व्हरची चालू टाइमलाइन वाचतं, त्यामुळे फेलओव्हरमध्ये मागे सुटलेल्या जुन्या टाइमलाइनवर नेमकं काय झालं याचा शोध वॉलडम्पनेच घ्यावा लागतो. ते त्याच प्रमुख आवृत्तीचं वापरा. १६ पासून त्यात इमेज फाइलीत साठवायची सोयही आहे. वॉलच्या टोकाला पोचल्यावर ते ‘नोंदीची लांबी चुकीची’ अशा अर्थाची ओळ छापून थांबतं. बहुतेक वेळा तो बिघाड नसतो, पुढे लिहिलेलं काही नसतं इतकंच.

एसक्यूएलमधून वाचताना ‘मागितलेला सेगमेंट काढून टाकलेला आहे’ ही एरर सर्वात जास्त भेटते. तपास चालू असताना चेकपॉइंट होतो आणि जुना सेगमेंट पुन्हा वापरात जातो. यावरचा उपाय या एक्स्टेन्शनच्या स्वतःच्या टेस्टमध्येच लिहिलेला आहे: सुरुवातीला एक फिजिकल रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिकासाठी वॉल राखून ठेवणारी सोय) तयार करायचा, दुसरं पॅरामीटर ट्रू देऊन, म्हणजे वॉल त्या क्षणापासून राखला जातो. काम झालं की स्लॉट काढायचा. विसरलेला स्लॉट डिस्क भरेपर्यंत वॉल धरून ठेवतो, कारण मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज मूळात अमर्याद असतं.

ज्यांना याच एक्स्टेन्शनमध्ये नवं फंक्शन घालायचं आहे, किंवा स्वतःच्या साधनावर आलेल्या रिव्ह्यूला उत्तर द्यायचं आहे, त्यांनी याच्या कोडची मांडणी जरूर पाहावी. प्रसिद्ध झालेली १.० ची एसक्यूएल फाइल तशीच ठेवून १.० ते १.१ अशी वेगळी फाइल जोडली आहे. काढलेल्या फंक्शन्सचा सी कोड जुन्या आवृत्तीसाठी मागे ठेवला आहे, आणि जुनी आवृत्ती चालते का हे पाहणारी टेस्टही वेगळी आहे. नोंदी वाचणाऱ्या प्रत्येक लूपमध्ये इंटरप्ट तपासला जातो, त्यामुळे लांब हद्द दिली गेली तरी कंट्रोल-सीने क्वेरी थांबते. वॉल संपला की पुढच्या नोंदीची वाट पाहत बसू नये म्हणून वाचनाचं न थांबणारं वेगळं कॉलबॅक लिहिलं आहे. रिव्ह्यूअर नेमके हेच विचारतो: रद्द करता येतं का, मेमरी कुठे सुटते, टोकाला काय होतं, जुन्या आवृत्तीवरून येणाऱ्याचं काय, पब्लिककडून (म्हणजे सगळ्या युझरकडून) परवानगी काढली का. या प्रत्येक प्रश्नाला पॅचच्या पुढच्या आवृत्तीत कोड आणि टेस्ट दाखवा. जो मुद्दा मान्य नाही त्याचं कारण एका वाक्यात त्याच मुद्द्याखाली लिहा, गाळून पुढे जाऊ नका. आणि हद्दीच्या टेस्ट निदान चार हव्यात: नोंदीच्या मधला एलएसएन, सुरुवात शेवटापेक्षा मोठी, सुरुवातच फ्लशच्या पुढे, आणि शेवट फ्लशच्या पुढे.